मुंबई कुणाच्या बापाची?

निवडणूक आली की तोच ढोल. एक बोंबलतो, मुंबई तोडायचा डाव आहे. दुसरा म्हणतो, मुंबई सगळ्या देशाची. दोस्तहो, या भांडणात तुमचं-माझं नाव कुठं आहे?

ही जमीन पहिल्यापासून देण्याघेण्याची वस्तू. १५३४ ला गुजरातच्या सुलतानानं पोर्तुगीजांना दिली. १६६१ ला त्यांनी पोरीच्या हुंड्यात इंग्रज राजाला दिली. त्यानं १६६८ ला कंपनीला टाकली, वर्षाला दहा पौंड भाड्यानं. कोळ्यांना कोण विचारतंय? मग सात बेटं भरणी घालून जोडली, समुद्रात घुसलेला हा सुळका झाला. भरणीची पाटी काय गव्हर्नरच्या डोक्यावर होती? तिकडं क्रिमियाचंही तेच. १९५४ ला मॉस्कोनं युक्रेनला दिला, २०१४ ला रशियानं सैन्य घालून घेतला. तिथले तातार स्टालिननं १९४४ लाच मालगाड्यांत कोंबून हाकललेले.

१६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी मुंबई केंद्राकडं घ्यायचं जाहीर केलं. गोळ्या झाल्या. हुतात्मे १०५ म्हणा, १०६ म्हणा. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनही संयुक्त महाराष्ट्र समितीत होतं, हे आजचे पेटंट मराठीवाले सांगत नाहीत. बाबासाहेबांनी १९४८ ला दार कमिशनपुढं मुंबई महाराष्ट्राचीच म्हणून मांडलं. १९५५ ला मात्र मुंबईचं वेगळं राज्य आणि उरलेल्या मराठी मुलखाची तीन, असं सुचवलं. विरोधक दुसरंच दाखवतात, आपले पहिलंच. दोन्ही वाचा. मोठ्या राज्यात एकच मोठी जात बाकीच्यांच्या छातीवर बसेल, ही त्यांची धास्ती. खोटी ठरली? जुन्नर-आंबेगावात जा नि कारखाना, बँक, पंचायत, सगळ्या खुर्च्या मोजा.

आमच्या मुलखाला बंदराचं ओझं नवं नाय. सातवाहनांच्या काळात कल्याणला उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा. घाटात जकातीचा दगडी रांजण अजून आहे, राजाराणीचे शिलालेख आहेत. ओझं वाहणाऱ्याची एक ओळ नाय. महाळुंगे पडवळचा बाबू गेनू, मुंबईचा गिरणी कामगार, १२ डिसेंबर १९३० ला परदेशी कापडाच्या ट्रकपुढं आडवा झाला, मेला. त्याचं नाव दिलं डिंभे धरणाच्या पाण्याला. त्याच पाण्याखाली मूळ आंबेगाव गेलं!

आता भांडण गोदीच्या जमिनीचं. कंटेनर न्हावाशेवाला गेले. पूर्व किनाऱ्यावर पोर्टची शेकडो एकर जमीन, तिच्यावर बागा, मरिना, क्रूझ यांचे रंगीत नकाशे. मी ठेकेदाराकडं राबतो, हजेरीचा कागद नाय. उद्या गोदीशी नातं सिद्ध करायचं तर हातावरचे घट्टे दाखवावे लागतील. आमच्या खोलीत जुन्नरची आठ पोरं पाळीपाळीनं झोपतात.

मुंबई मराठी माणसाची म्हणणाऱ्यानं त्या नकाशावर गोदी कामगाराची खोली कुठं आहे ते बोट ठेवून दाखवावं. देशाची म्हणणाऱ्यानंही.