निषेधाची किंमत

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळील बैसरनच्या कुरणात दहशतवाद्यांनी पर्यटकांना धर्म विचारून गोळ्या घातल्या. २६ माणसे मारली गेली. त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते आणि त्या सहांपैकी एक पनवेलचे रहिवासी होते. अशा प्रत्येक हत्याकांडानंतर एक प्रश्न ठरल्यासारखा विचारला जातो : मुसलमानांचे धार्मिक आणि राजकीय पुढारी गप्प का? काश्मीरची बातमी ज्या शहरातील एका घराच्या उंबरठ्यावर येऊन आदळली, तेथे हा प्रश्न रागाने विचारला गेला तर नवल नाही. विचारणाऱ्याचे दुःख खरेच असते. परंतु पुढारी गप्प होते हे जे प्रश्नात गृहीत धरलेले असते, ते खरे आहे काय?

दुसऱ्याच दिवशी काश्मीर खोऱ्यात कडकडीत बंद पाळला गेला. मशिदींच्या ध्वनिक्षेपकांवरून हत्येचा निषेध झाला. शुक्रवारी, २५ तारखेला, श्रीनगरच्या जामा मशिदीत मिरवाइज उमर फारूक यांच्या उपस्थितीत मृतांसाठी मौन पाळण्यात आले. त्याच दिवशी हैदराबादेत असदुद्दीन ओवैसी यांनी काळ्या फिती वाटून नमाज अदा केली. निषेधाचे पत्रक काढायला फारसा खर्च येत नाही, ही शंका रास्त आहे. म्हणून शब्दांमागे कोणती किंमत मोजली गेली, हे पाहावे. काश्मिरातील दुकानदार, शिकारेवाले आणि घोडेवाले यांची वर्षाची कमाई पर्यटनाच्या हंगामावर अवलंबून असते. त्यांनी ऐन हंगामात दुकाने बंद ठेवली. बैसरनमध्ये मारल्या गेलेल्यांत एक मुसलमान घोडेवालाही होता, हेही विसरता कामा नये.

मुंबईतील उदाहरण याहून जुने आणि अधिक बोलके आहे. २००८ च्या फेब्रुवारीत देवबंदच्या दारुल उलूममध्ये देशभरातील हजारो उलेमा जमले आणि दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचे त्यांनी जाहीर केले. मे महिन्यात दिल्लीच्या रामलीला मैदानावर त्याच आशयाचा फतवा वाचला गेला. वर्तमानपत्रांनी त्याची नोंद घेतली आणि लोक विसरूनही गेले. मग २६ नोव्हेंबर उजाडला. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांची प्रेते जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात आली, तेव्हा मरीन लाइन्सचे बडा कब्रस्तान सांभाळणाऱ्या जामा मशीद ट्रस्टने त्यांना जागा देण्यास साफ नकार दिला. डिसेंबरमधील बकरी ईदला अनेकांनी दंडावर काळी फीत बांधली. ती प्रेते वर्षाहून अधिक काळ शवागारातच पडून राहिली. अखेर जानेवारी २०१० मध्ये सरकारने ती गुप्तपणे पुरली आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी एप्रिलमध्ये विधिमंडळाला तसे सांगितले.

मातीला देणे हे ज्या समाजात पवित्र कर्तव्य मानतात, त्या समाजातील विश्वस्तांनी हा निर्णय घेतला. प्रेताला जमीन नाकारणे योग्य की अयोग्य, यावर दोन मते संभवतात. पण त्याला बोलघेवडेपणा कोणी म्हणू शकणार नाही. देवबंदच्या फतव्याहून या नकाराचे वजन अधिक आहे.

तरीही एक मुद्दा उरतो. ‘हे मारेकरी मुसलमानच नव्हेत’ असे विश्वस्त म्हणाले, मौलवी म्हणतात, पुढारीही म्हणतात. भावना समजण्यासारखी आहे, युक्तिवाद मात्र अपुरा आहे. कोण मुसलमान आणि कोण नव्हे हे ठरवण्याचा अधिकार एकदा धर्मपीठाकडे सोपवला, की तोच अधिकार उद्या तलाकाला प्रश्न विचारणाऱ्या स्त्रीविरुद्ध वापरला जातो. १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणाऱ्या हमीद दलवाईंचा झगडा नेमका येथे होता. मारेकरी कोणत्याही धर्माचा असो, तो माणसांचा आणि राज्यघटनेचा गुन्हेगार आहे, असे म्हणायला फतवा लागत नाही. पनवेल तालुक्यात तारा येथे ज्यांच्या नावाची संस्था उभी आहे, त्या युसुफ मेहेरअलींनी १९४२ च्या लढ्यात भाग घेतला तो नागरिक म्हणून. त्यासाठी त्यांना कोणत्या मौलवीची संमती लागली नव्हती. मुस्लिम राजकीय पुढाऱ्यांत ही भाषा आजही विरळाच ऐकू येते, आणि ही तक्रार मित्रत्वाने पण स्पष्टपणे करावयास हवी.

ती करण्याचा अधिकार मात्र फुकट मिळत नाही. मालेगावातही एक बडा कब्रस्तान आहे. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या शुक्रवारी, नमाजानंतर त्याच्या आवारात बॉम्बस्फोट झाले. मेलेले बहुतांशी मुसलमान होते आणि पकडले गेले तेही नऊ मुसलमानच. त्यांतील बहुतेकांनी सुमारे पाच वर्षे तुरुंगात काढली. २०१६ साली विशेष न्यायालयाने पुराव्याअभावी आरोपींना दोषमुक्त केले. त्या पाच वर्षांत ‘पुढारी गप्प का?’ हा प्रश्न हिंदू पुढाऱ्यांना कोणी विचारला नाही. मुसलमान पुढाऱ्यांपैकी जे बोलले, त्यांच्याकडे दहशतवादाचे पाठीराखे म्हणून पाहिले गेले. पनवेलच्या चौकात पुढच्या वेळी तो प्रश्न निघेल, तेव्हा मरीन लाइन्सच्या कब्रस्तानाची हकीकत सांगावीच. मालेगावच्या कब्रस्तानाचीही सांगावी, आणि ऐकणारे उठून जाऊ लागले तरी ती पुरी करावी.