दहा कप फिन्लंडचे, एक आपला

फिन्लंडमध्ये कॉफीला वेळकाळ नसतो. त्यामुळे दिवसाला दहा-दहा कप रिचवणारी माणसं तिथल्या संशोधकांना अभ्यासासाठी सहज मिळाली. ३५ ते ६४ वयाच्या १४,६२९ जणांवर सरासरी १२ वर्षं नजर ठेवून २००४ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: कॉफी जितकी जास्त, तितका टाइप-२ मधुमेह कमी. दोन वर्षं आधी नेदरलँड्समध्येही तेच दिसलं होतं. सात कप पिणाऱ्यांचा धोका दोन कपांवर थांबणाऱ्यांच्या निम्मा!

गंमत अशी, की कॅफिन पोटात गेलं की इन्शुलिनचं काम तात्पुरतं मंदावतं. म्हणजे साखर वाढायला हवी. पण कॅफिन काढलेली कॉफी पिणाऱ्यांतही मधुमेह कमी आढळतो, म्हणून संशय क्लोरोजेनिक आम्लासारख्या इतर घटकांवर जातो. निकाल अजून लागलेला नाही. शिवाय ही सारी निरीक्षणं. तब्येतीच्या तक्रारींमुळे ज्यांनी कॉफी आधीच सोडली, ते 'कमी पिणाऱ्यांत' मोजले गेले तर आकडे आपसूक कॉफीच्या बाजूने झुकतात.

मराठी घरातली कॉफी मात्र निराळीच. ती उपासाची, पाहुण्यांची, लग्नघरातल्या जागरणाची. पातेल्यात दूध उकळायचं, इन्स्टंट पूड टाकायची, साखर सढळ हाताने, वर किसलेलं जायफळ. वास घमघमतो, पण फिनिश कॉफीचे गुण हिला चिकटवणं धाडसाचं. कपात दोन चमचे साखर म्हणजे आठ-दहा ग्रॅम. अशा तीन कपांत जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली दिवसाची २५ ग्रॅमची कडक मर्यादा संपते. शिरा, लाडू वेगळेच. 'कॉफीने मधुमेह पळतो' हा निरोप व्हॉट्सॲपवर पुढे ढकलणारे काका नेमका हाच हिशेब गाळतात.

गाळण्यावरून आठवलं. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात भरपूर कॉफी पिणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल चढं असल्याचं १९८३ साली प्रसिद्ध झालं. तिकडे पूड पाण्यातच उकळत. तिच्यातलं कॅफेस्टॉल हे तेलकट द्रव्य पुढे दोषी ठरलं. कागदी गाळणी ते बरंचसं अडवते, धातूच्या फिल्टरला तितकं जमत नाही.

आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२४ मध्ये दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा सांगितली. १५० मिलिलिटर फिल्टर कॉफीत ते ८० ते १२० असतं, म्हणजे फार तर तीन कप. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा, कारण लोह नीट शोषलं जात नाही, असंही आयसीएमआर सांगते. माटुंग्याच्या हॉटेलांत मात्र राइस प्लेट संपता संपता वेटर विचारतोच, "कॉफी आणू?"