ज्याने मार खाल्ला, तो कुठे आहे?

प्रति,
अकादमी ऑफ मोशन पिक्चर आर्ट्स अँड सायन्सेस,
बेव्हर्ली हिल्स

सन्माननीय सदस्यहो,



‘थ्री बिलबोर्ड्स आउटसाइड एबिंग, मिझुरी’मधला डिक्सन हा गोरा पोलीस. कोठडीत एका काळ्या माणसाचा छळ केला म्हणून गावभर बदनाम. पुढे तोच पेटत्या चौकीतून खुनाच्या केसची फाइल वाचवतो, तोंड भाजून घेतो आणि आपला जीव त्याच्यासाठी हळहळतो. सॅम रॉकवेलने काम अप्रतिम केलं. २०१८ मध्ये तुम्ही त्याला ऑस्कर दिलंत. पण ज्याचा छळ झाला, तो माणूस अख्ख्या चित्रपटात एकदाही दिसत नाही.

२००६ मध्ये सर्वोत्कृष्ट ठरवलेल्या ‘क्रॅश’मध्येही तेच. गोरा पोलीस गाडी अडवतो, झडतीच्या नावाखाली नवऱ्यासमोर काळ्या बाईच्या अंगाशी खेळतो. दुसऱ्या दिवशी तोच तिला अपघातात उलटलेल्या गाडीतून ओढून काढतो आणि ती त्यालाच बिलगते. त्या पोलिसाची भूमिका करणाऱ्या मॅट डिलनला नामांकन मिळालं, त्या बाईची भूमिका करणाऱ्या थँडी न्यूटनला नाही.

माणूस बदलतो, हे मला मान्य आहे. पण गोऱ्याला शहाणपण यावं म्हणून दरवेळी काळ्याने सोसायचं आणि सोसून झालं की गोष्टीतून निघून जायचं, हे मला सहन होत नाही.

स्पाइक ली यांनी १९८९ मध्येच ‘डू द राइट थिंग’मध्ये वेगळं दाखवलं होतं. रेडिओ रहीम या काळ्या तरुणाच्या गळ्यावर पोलिसाचा दंडुका आवळला जातो, कॅमेरा जमिनीवरून उचलल्या गेलेल्या त्याच्या पायांवर येतो. तिथे कुणा पोलिसाचं मन पालटत नाही. तुम्ही अभिनयाचं नामांकन दिलंत ते गोऱ्या पिझ्झेरियावाल्याच्या भूमिकेला, आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवलात ‘ड्रायव्हिंग मिस डेझी’.

२०२१ मध्ये ‘जूडास अँड द ब्लॅक मसाया’तल्या डॅनियल कलुयाला आणि ‘टू डिस्टंट स्ट्रेंजर्स’ या लघुपटाला तुम्ही गौरवलंत, याचा मला आनंद आहे; दोन्हींत पोलिसांच्या हातून मरणारा काळा माणूस पडद्यावर दिसतो. पण तो गौरव आला तो त्याआधीच्या वर्षी साऱ्या जगाने जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाला मोबाइलच्या चित्रणात पोलिसाच्या हातून मरताना पाहिल्यानंतर.

आता अंतिम मत देण्यापूर्वी, ज्या विभागात मत द्यायचं त्या विभागातले सगळे नामांकित चित्रपट पाहण्याचं बंधन तुम्ही सदस्यांवर घातलं आहे. चांगलं केलंत. माझी विनंती त्याआधीच्या पायरीची आहे. नामांकनं ठरवताना रायन कूगलर यांचा ‘फ्रूटव्हेल स्टेशन’ पुन्हा एकदा पाहा. २००९ च्या पहिल्या दिवशी ओकलंडच्या रेल्वे फलाटावर पालथं पाडलेल्या ऑस्कर ग्रँट या काळ्या तरुणाच्या पाठीत पोलिसाने गोळी घातली. तो २२ वर्षांचा होता. त्याचा शेवटचा दिवस हा चित्रपट त्याच्या सोबतीने जगतो.

तुमच्याकडून या चित्रपटाला एकही नामांकन मिळालं नव्हतं.

आपला,
महाराष्ट्रातला एक प्रेक्षक