गेलेल्या वेळेचे वाढीव गुण

पाचगणी हे शाळांचे गाव. इंग्रजी अमदानीपासून येथे निवासी शाळा उभ्या राहिल्या आणि देशभरच्या सधन घरांतील मुले डोंगरावरच्या थंड हवेत शिकून गेली. त्याच डोंगरावर, भिलार आणि आसपासच्या गावांत, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर राबणाऱ्या कुटुंबांची मुलेही शिकतात. वैद्यकीय प्रवेशासाठी या दोघांपुढे एकच प्रश्नपत्रिका येते. प्रश्नपत्रिका एक, म्हणून न्यायही समान, असे मानण्याची रीत आपल्याकडे पडली आहे. 'नीट'मध्ये गुण कमी पडलेल्या मुलीच्या घरात 'पुन्हा बसावे की नाही' हा प्रश्न निघतो, तेव्हा या समानतेचे खरे रूप दिसते.

नियमांच्या दृष्टीने पाहिले तर दार सर्वांना उघडे आहे. परीक्षेला किती वेळा बसावे यावर बंधन नाही आणि कमाल वयाची अटही २०२२ साली काढून टाकण्यात आली. परंतु आकडे वेगळेच बोलतात. २०२४ साली २३ लाखांहून अधिक विद्यार्थी परीक्षेला बसले, १३ लाखांहून अधिक 'पात्र' ठरले आणि देशभरातील एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास सरकारी. कित्येक अभिमत विद्यापीठांचे एका वर्षाचे शुल्क वीस लाखांच्या पुढे आहे. म्हणजे शेतकरी कुटुंबातील मुलीच्या लेखी पात्र ठरणे म्हणजे प्रवेश नव्हेच. तिची खरी चुरस सरकारी जागेसाठी आहे आणि तेथे थोडक्या गुणांवर नशीब ठरते. हे थोडके गुण मिळवण्याचे सर्वांत खात्रीचे साधन कोणते? आणखी एक वर्ष. तामिळनाडूत न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ साली दाखवून दिले की, तेथील वैद्यकीय प्रवेशांत पुन्हा परीक्षा देणाऱ्यांचा वाटा २०१६-१७ मध्ये सुमारे १२ टक्के होता, तो २०२०-२१ पर्यंत सुमारे ७१ टक्क्यांवर गेला.

अर्थशास्त्राच्या भाषेत, हे एक वर्ष म्हणजे भांडवल आहे. ज्याच्यापाशी ते आहे तो ते गुंतवतो. निवासी शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाच्या घरी पुणे, लातूर की कोटा, एवढाच विचार होतो. स्ट्रॉबेरी-उत्पादकाच्या घरी मात्र क्लासचे शुल्क, खोलीचे भाडे आणि खाणावळ यांच्या जोडीला घरातले दोन हात वर्षभर कमी होणार, हाही खर्च मांडावा लागतो. मुलगी असेल तर 'आता स्थळे पाहू' हा सल्ला नातेवाइकांकडून विनामूल्य मिळतो. आणि मुळात तिचे पहिले वर्ष तरी पूर्ण तिचे होते काय? स्ट्रॉबेरीची तोडणी हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंत चालते. बारावीची परीक्षा नेमकी त्याच दिवसांत येते आणि 'नीट' मेच्या आरंभी.

२०२४ सालच्या घटना या संदर्भात बोलक्या आहेत. सहा केंद्रांवर वेळ वाया गेला म्हणून १५६३ विद्यार्थ्यांना वाढीव गुण देण्यात आले. त्यावर गदारोळ झाला, ते गुण रद्द झाले आणि मूळ गुण ठेवा किंवा पुन्हा परीक्षा द्या, असा पर्याय त्यांना मिळाला. २३ जूनला ८१३ जण पुन्हा बसले. ७५० जण बसले नाहीत. परीक्षेच्या दालनात वाया गेलेल्या मिनिटांची भरपाई व्हावी, हे तत्त्व योग्यच होते. मग कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राला शिक्षक नसल्यामुळे गेलेल्या महिन्यांचे काय? तोडणीत गेलेल्या सकाळींचे काय? त्यांची भरपाई कोणत्या न्यायालयात मागावयाची?

यावर कोणी म्हणेल, परीक्षाच नको. तो मार्ग फसवा आहे. देणग्यांच्या बाजारात जागा विकल्या जात होत्या, तो काळ महाराष्ट्र विसरलेला नाही. १९८७ साली कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे. सामायिक परीक्षेने त्या बाजाराला काही आळा घातला. परंतु बाजार नाहीसा झाला नाही. तो प्रवेशाच्या दारातून उठून परीक्षेच्या अलीकडे, क्लासच्या दारात जाऊन बसला.

राज्य सरकारने २०२४ साली आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल आणि मागास घटकांतील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क माफ केले. निर्णय स्वागतार्ह आहे. पण तो प्रवेश मिळाल्यानंतरचा आहे आणि गरीब मुलगी अडते ती प्रवेशाच्या आधी. म्हणून मागणी नेमकी असली पाहिजे: तालुक्याच्या ठिकाणी विज्ञानाचे पूर्णवेळ शिक्षक, पुन्हा परीक्षा देऊ इच्छिणाऱ्या गरजू मुलामुलींना वर्षभराचे सरकारी वसतिगृह, मार्गदर्शन आणि निर्वाहभत्ता, आणि सरकारी जागांत वाढ. साताऱ्यात २०२१-२२ मध्ये शंभर जागांचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ते त्याच वाटेवरचे पाऊल आहे.

तोवर ज्या घरात हा निर्णय घ्यावयाचा आहे तेथे कार्यकर्त्याने जावे, पण उपदेशक म्हणून नव्हे. गेल्या वर्षी आपल्या प्रवर्गाची सरकारी यादी किती गुणांवर थांबली, आपले अंतर किती, ते अभ्यास न झाल्यामुळे पडले की अभ्यास करूनही राहिले, आणि हे वर्ष कर्जाशिवाय निभेल काय, हा हिशेब कुटुंबासोबत बसून मांडावा. अंतर थोडे आणि कारण वेळेचा अभाव असेल, तर मुलीला वर्ष मिळवून देण्यासाठी गावाने उभे राहावे. अंतर फार असेल, तर परिचर्या, औषधनिर्माण वा शुद्ध विज्ञान यांकडे वळणे म्हणजे पराभव नव्हे, हे तिला आणि विशेषतः तिच्या वडिलांना पटवून द्यावे. पुन्हा बसणे ही इज्जतीची बाब नाही आणि न बसणे ही नामुष्कीही नाही.

मात्र पुन्हा बसण्याची ताकद असलेली मुलगी केवळ पैशाअभावी थांबली, तर तिला 'गुणवत्तेत कमी पडली' असे कोणी म्हणू नये. तिच्या गुणपत्रिकेवर समाजाच्या अपयशाचा आकडा छापलेला असतो.