नारळीकरांचे टोपणनाव आणि आपली समीक्षा

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखक नारायण विनायक जगताप. जयंत विष्णु नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलटी करून घेतलेले हे टोपणनाव. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथाही पत्नीकडून उतरवून घेतलेली. केंब्रिजच्या कीर्तीवाचून आपली संहिता वाचली जावी, हाच या खटाटोपाचा अर्थ. मराठी समीक्षेने ही मागणी क्वचितच मानली. तिने कथा बाजूला सारून शास्त्रज्ञ वाचला, आणि 'विज्ञानप्रसार' ही सोयीची संज्ञा पुढे करून निवेदन, भाषा, पात्रचित्रण यांविषयीचे प्रश्न टाळले. नारळीकरांची पात्रे कित्येकदा सिद्धान्ताची वाहक होऊन राहतात, एवढे म्हणण्यासही आदर आड यावा? (हा आदर वस्तुतः आळसच.) कृष्णविवरानजीक काळ मंदावतो हे भौतिकीचे विधान, त्यामुळे माणूस आपल्या माणसांपासून तुटतो, हा मात्र कथेचा विषय. त्याचे मूल्यमापन भौतिकी कसे करणार? २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला तो 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. जगतापांची कथा स्पर्धेच्या परीक्षकांनंतर तशी कोणी वाचली, हे आता समीक्षकांनी सांगावे.