फुलून गेलेला फुटवा

कोल्हापुरात गुळाची अडत असलेल्या एका घरी दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत पुण्याच्या व्याह्यांकडून एक कुंडी भेट म्हणून आली. हिरव्या पानांवर फिकट आणि गडद नक्षी, मधोमध वीतभर उंच सरळ देठ आणि त्या देठावर एकच फूल. वरची पाकळी पांढरी, तिच्यावर हिरव्या उभ्या रेघा. खाली मात्र पाकळीच्या जागी एक नाजूक, चकचकीत पिशवी. लहान मुलाच्या मोजडीचे टोक असावे तसा तिचा आकार. स्लिपर ऑर्किड हे त्या फुलाचे नाव घरातल्या नातवंडांनी लगेच पाठ केले. दिवाळीला उमललेले ते फूल संक्रांतीपर्यंत जसेच्या तसे टिकले आणि एके सकाळी, एकही पाकळी न सुकता, अख्खेच्या अख्खे गळून पडले.

पुढे दोन महिने त्या कुंडीकडे कोणी फारसे पाहिले नाही. पाडव्याच्या साफसफाईत ती मागच्या अंगणात गेली. माळ्याने पाहून निर्वाळा दिला, "हे केळीसारखं असतं. एकदा घड पडला की झाड संपलं. कापून टाकतो." सूनबाई म्हणाल्या, "अप्पा, कुंडी चांगली आहे. तुळशीला उपयोगी पडेल." अप्पांनी त्याच वर्षी दुकानाच्या किल्ल्या मुलाच्या हाती दिल्या होत्या आणि सकाळचा वेळ कसा घालवावा हा प्रश्न त्यांना पडू लागला होता. त्यांनी कुंडी उचलून उजेडात धरली. पानांच्या बुडाशी, खालच्या बाजूस, ज्वारीच्या दाण्याएवढा एक हिरवा कोंब नुकताच डोके वर काढत होता. "राहू दे," ते म्हणाले. "हिशेब पुरता पाहिल्याशिवाय खातं बंद करू नये."

माळ्याचे बोलणे अर्धे खरे होते. ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. तिचे प्रकार हजारो; त्यांपैकी घरात सहसा वाढवला जाणारा स्लिपर ऑर्किड म्हणजे पॅफिओपेडिलम. पाफोस हे ॲफ्रोडाइटी देवीचे सायप्रस बेटावरील क्षेत्र आणि चप्पल या अर्थाचा ग्रीक शब्द, यांच्या जोडणीतून हे नाव सिद्ध झाले. या झाडाचा प्रत्येक फुटवा, म्हणजे पंख्यासारखा पसरलेला पानांचा एक झुबका, आयुष्यात एकदाच फुलतो. इथपर्यंत केळीची उपमा चालते. पुढे मात्र ती फसते. घड उतरवल्यावर केळीचा खुंट कापून पिलांना वाव देतात. स्लिपर ऑर्किडचा फुललेला फुटवा कापायचा नसतो. या झाडाला इतर अनेक ऑर्किडांप्रमाणे अन्नपाणी साठवणारे फुगीर कांड नाही. त्याचा साठा तो पानांतच. फूल गेल्यावरही ती जुनी पाने एक-दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ हिरवी राहतात, ऊन पितात आणि तयार झालेले अन्न बुडाशी वाढणाऱ्या कोंबाला पुरवतात. जुना झुबका कापला की नवा कोंब पोरका होतो. मग तो जगला तरी फुलायला फार वेळ घेतो. फूल हे व्याज आहे, हिरवे पान हे मुद्दल. व्याज मिळाले म्हणून मुद्दल मोडणारा व्यापारी कोणी पाहिला आहे काय?

म्हणून पुन्हा फुलवणे याचा अर्थ जुन्या फुटव्याकडून दुसरे फूल मागणे असा नव्हे. नवा फुटवा पूर्ण वाढीला नेणे असा आहे. त्याला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागते. ज्यांना हे ठाऊक नसते त्यांचे झाड पहिल्या फुलानंतर सहा महिन्यांतच कचऱ्यात जाते.

नवा फुटवा फुलण्याच्या वयाला न पोहोचण्याचे पहिले कारण बहुधा उजेड. हे झाड मूळचे जंगलाच्या सावलीतले, पानगळीत आणि खडकांच्या खाचांत वाढणारे. त्यामुळे दुपारचे ऊन त्याला जाळते. पण दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवल्यास ते नुसती पाने काढीत राहते. पूर्वेची खिडकी आणि तिला पातळ पडदा ही जागा उत्तम. पानांवर हात धरून पाहावा: सावली पडावी, पण तिची कड पुसट असावी. पाने पिवळट झाली तर ऊन जास्त. गर्द हिरवी, लांबट आणि लोंबती झाली तर उजेड कमी.

दुसरे कारण पाणी. साठ्याचे कांड नसल्याने कुंडी कधीही पूर्ण कोरडी पडू देऊ नये. आणि मुळे थोडी, जाड व केसाळ असल्याने ती सतत पाण्यातही राहू नयेत. बोट खुपसून पाहण्यापेक्षा कुंडी उचलून तिचे वजन ओळखायला शिकावे. कोल्हापूर-पुण्याच्या हवेत हिवाळ्यात चार-पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी पाणी लागते. ते सकाळी घालावे. पानांच्या गाभ्यात पाणी साचले तर ते टिपून घ्यावे, नाहीतर रात्रीतून गाभा कुजू लागतो. कूपनलिकेचे जड पाणी वर्षभर घातल्यास त्यातील क्षार साचून मुळे करपतात. पावसाचे साठवलेले पाणी सर्वांत चांगले. ते संपल्यावर फिल्टरचे, क्षार काढलेले पाणी वापरावे.

तिसरी गोष्ट कुंडीतील भरण. बागेची माती येथे चालत नाही. पाइनच्या सालीचे बारीक तुकडे, लाकडी कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे असे मिश्रण करावे. सोडणाचे तुकडे आधी दोन-तीन दिवस, पाणी बदलीत भिजवून त्यांतील मीठ काढून टाकावे. हे भरण दीड वर्षात कुजून दाट होते आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. म्हणून फूल गेल्यावर, नवा कोंब दिसू लागताच ते बदलावे. त्या वेळी नव्या कोंबाचे बूड भरणाच्या पृष्ठभागाखाली अर्धा इंच जाईल असे पाहावे. कोंब अधांतरी राहिला तर त्याला स्वतःची मुळे फुटत नाहीत आणि तो जुन्याच्या जिवावरच राहतो. कुंडी मोठी घेऊ नये. हौसेने झाडाचे भाग पाडून वाटण्याची घाईही करू नये. प्रत्येक भागात निदान तीन फुटवे असतील तेव्हाच झाड विभागावे. लवकर वेगळी केलेली घरे आणि लवकर वेगळी केलेली झाडे, दोन्ही काही वर्षे मागे पडतात.

खताच्या बाबतीत हे झाड अल्पसंतुष्ट आहे. पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ खत लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम एवढेच, पंधरा दिवसांतून एकदा द्यावे आणि महिन्यातून एकदा साध्या पाण्याने कुंडी धुऊन काढावी. हाडांच्या किंवा मासळीच्या खताची त्याला मुळीच गरज नाही, हे आपल्या घरांतून मुद्दाम सांगण्यासारखे. पिठ्या ढेकूण लागू नये म्हणून नवे आणलेले झाड पंधरा दिवस इतरांपासून दूर ठेवावे, पानांच्या बेचक्या ओल्या कापसाने पुसाव्यात आणि हवा खेळती ठेवावी. कीड होऊच न देणे हा मारण्यापेक्षा केव्हाही बरा मार्ग. पावसाळ्यात पान कुजू लागले तर तेवढा भाग कापून जखमेवर दालचिनीची पूड लावावी. ती मुळांवर मात्र पडू देऊ नये.

झाड निवडताना पाने पाहावीत. साध्या हिरव्या पानांच्या कित्येक प्रकारांना कळी धरण्यासाठी शरद ऋतूत थंड रात्री लागतात. ते महाबळेश्वरसारख्या हवेत रमतील, सोलापुरात नव्हे. नक्षीदार पानांचे संकर उष्ण घरांना जास्त मानवतात. त्यांतील मॉडिए हा संकर १९०० सालापासूनचा, आणि नवशिक्यासाठी आजही तोच सर्वांत भरवशाचा. एप्रिल-मे महिन्यांत खडे व पाणी भरलेल्या ताटलीवर कुंडी ठेवावी, मात्र कुंडीचे बूड पाण्याला लागू देऊ नये. कळी दिसल्यावर कुंडीची दिशा बदलू नये. बदलल्यास देठ उजेडाकडे वळून वाकडा होतो.

हे झाड इतके महाग का, असा प्रश्न व्यापारी घरात हमखास निघतो. बाजारात स्वस्त मिळणारे बरेचसे ऑर्किड प्रयोगशाळेत ऊतींपासून एकाची हजार रोपे करून वाढवलेले असतात. स्लिपर ऑर्किडच्या बाबतीत ती पद्धत व्यापारी प्रमाणात फारशी साधलेली नाही. त्याची रोपे धुळीसारख्या बारीक बियांपासून काचेच्या बाटलीत वाढवावी लागतात, आणि बियांपासून पहिल्या फुलापर्यंत कित्येक वर्षे जातात. एवढा काळ उत्पादकाचे भांडवल अडकून पडते; किंमत त्या थांबण्याची आहे.

थांबायची तयारी नसली की काय होते, याचा इतिहासही याच फुलाजवळ आहे. भारताच्या ईशान्य भागातील डोंगरांत या कुळाच्या अनेक जाती आहेत. त्यांतील फेअरिएनम ही जांभळ्या जाळीची देखणी जात १८५७ मध्ये इंग्लंडात फुलली आणि पुढे संग्रहांतून नाहीशी झाली. तिच्या शोधासाठी सँडर या ऑर्किड-व्यापाऱ्याने एक हजार पौंडांचे इनाम लावले होते. १९०५ च्या सुमारास ती भूतानच्या बाजूला पुन्हा सापडली, आणि सापडताच रानातून उपटून विलायतेला रवाना होऊ लागली. दक्षिण भारतात तर या कुळाची एकच जात आहे: केरळच्या अगस्त्यमलई डोंगरांतील पिवळी ड्रुरी. १८६५ मध्ये कर्नल ड्रुरी यांना ती आढळली, नंतर दीर्घकाळ दिसली नाही आणि १९७२ मध्ये पुन्हा सापडली. त्या शोधानंतर संग्राहकांनी तिच्यावर असा घाला घातला की रानात ती आज नामशेष होण्याच्या काठावर आहे. ज्यांनी ती उपटली त्यांनीही विकत घेणारा आहे म्हणूनच उपटली. आता पॅफिओपेडिलमच्या जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षण आहे, आणि रानटी झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारालाही बंदी आहे. तेव्हा अधिकृत रोपवाटिकेतून, पक्के बिल घेऊन, रोपवाटिकेत वाढवलेला संकरच घ्यावा. "रानातून आणलंय, म्हणून स्वस्त" असे कोणी सांगितले तर तो सौदा तिथेच सोडावा.

फुलाची पिशवी पाहून पुष्कळांना ती घटपर्णीसारखी कीटकभक्षी वाटते. तसे नाही. माशीसारखा कीटक फसून आत पडतो खरा. पण आत मागच्या बाजूला बारीक केसांची जणू शिडी असते. तिच्यावरून चढून तो वरच्या फटीतून बाहेर निघतो आणि जाताना पाठीवर परागाचा गोळा घेऊन जातो. फसवणूक आहे, पण जीव जात नाही.

अप्पांनी हे सारे एका दिवसात जाणून घेतले नाही. पुण्याच्या व्याह्यांना फोन करून, पुस्तके मागवून, दोन पाने कुजवून आणि एकदा जास्त खत घालून ते हळूहळू शिकले. पावसाळ्यात गच्चीच्या पन्हाळीचे पाणी त्यांनी पिंपात धरून ठेवले. कोंबाला पाने फुटत गेली, दसऱ्यापर्यंत नवा झुबका जुन्याच्या निम्म्याने झाला. त्या वर्षीच्या गुळाच्या हंगामात मुलाने एकदा सहज विचारले, "अप्पा, सकाळी तासभर गादीवर याल का? जुने शेतकरी तुम्हालाच विचारतात." अप्पा कुंडीला पाणी घालून दुकानात जाऊ लागले. सौदे मुलगाच करी; ते फक्त बसत आणि विचारले तर सांगत.

थंडीत नव्या झुबक्याच्या गाभ्यात एक चपटे हिरवे आवरण दिसले. महिनाभर ते जागचे हलले नाही आणि घरच्यांनी आशा सोडली. मग देठ वर आला आणि होळीच्या सुमारास फूल उमलले. पहिल्याइतकेच मोठे, रेघा मात्र थोड्या अधिक गडद. जुना झुबका शेजारी तसाच उभा होता. त्याचे खालचे एक पान पिवळे पडले होते, बाकी हिरवी होती.

माळी कात्री घेऊन आला तेव्हा सूनबाईंनीच त्याला अडवले. "वाळलेलं तेवढं काढा," त्या म्हणाल्या. "हिरव्याला हात लावू नका. नव्याला अजून लागतं ते."