बाहेरून आणा!

मी सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. माझ्या तोंडून रोज एकच वाक्य वदवून घेतलं जातं : बाहेरून आणा. स्टोअरला पाठवलेलं इंडेंट 'शिल्लक नाही' असा शेरा घेऊन परत येतं. डॉक्टर चिठ्ठी लिहून मोकळा. ती चिठ्ठी मला अशा बाईच्या हातात द्यावी लागते, जिचा दिवसाचा रोज एसटीच्या तिकिटातच संपलाय. ती शिव्या देणार कुणाला? मंत्री वॉर्डात नसतो. मी असते.

चाळीस खाटांना आम्ही दोघी. त्यात अर्धी पाळी औषध हुडकण्यात जाते. ह्या वॉर्डातून इंजेक्शन उसनं, त्या वॉर्डातून सलाईन. सहाचा डोस नऊला पडतो. मेमो मात्र सिस्टरला!

नांदेड आठवा. ३० सप्टेंबर - १ ऑक्टोबर २०२३. शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ माणसं मेली, त्यात १२ नवजात बाळं. औषधं नि माणसं कमी असल्याचं दवाखान्यातूनच बाहेर आलं. सरकार म्हणालं, औषधं होती. मग एका खासदारानं येऊन अधिष्ठात्यालाच संडास साफ करायला लावला. अ‍ॅट्रॉसिटीखाली गुन्हा नोंदला गेला. औषधाचा हिशोब राहिला बाजूला, हातात झाडू! खापर फोडायला ह्यांना कुणाचं डोकं लागतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

२०१७ साली खरेदी हाफकिनच्या महामंडळाकडे दिली. ती रखडली, तेव्हा २०२३ मध्ये कायदा करून नवं प्राधिकरण काढलं. पाटी बदलली. माझ्या इंडेंटवरचा शेरा तोच.

ज्यांना खासगी परवडतं ते इथं येत नाहीत. इथं येतो पालावरचा, ऊसतोडीवरचा, झोपडपट्टीतला. त्याच्या मरणानं कुणाची खुर्ची हलत नाही, म्हणून टेंडर निवांत झोपतं. १९९६ सालीच पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बजावलंय : तातडीचे उपचार नाकारणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, नि पैसा नाही ही सबब सरकारला चालणार नाही.

तेव्हा माझी मागणी सरळ आहे. वॉर्डाबाहेर फळ्यावर रोजचा औषधसाठा लिहा. बाहेरच्या प्रत्येक चिठ्ठीवर 'स्टोअरमध्ये नाही' असं लिहून जबाबदार अधिकाऱ्यानं सही करावी. पोरांनो, वस्तीवस्तीतून ह्या चिठ्ठ्या नि मेडिकलची बिलं गोळा करा. गठ्ठा कलेक्टरच्या टेबलावर टाकू. सिस्टरवर निघणारा राग तिकडं न्या. मी येते, पांढऱ्या साडीतच येते.